पाण्यापासून वीज: ओढा असो की मोठं धरण, हिशोब स्वतः कसा करायचा आणि फायदे-तोटे कसे तपासायचे

जलविद्युत म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते धरण, दरवाजे उघडलेत, फेसाळ पाणी धो धो खाली पडतंय. पण गंमत अशी की त्या दरवाजांतून, म्हणजे सांडव्यावरून जे पाणी जातं त्यातून एक युनिटसुद्धा वीज तयार होत नाही, वीजघराच्या हिशोबाने ते वाया गेलेलं पाणी. वीज देणारं पाणी पाइपातून नाहीतर बोगद्यातून गुपचूप जातं आणि फोटोत कधी येत नाही. म्हणून फोटो बाजूला ठेवा आणि आधी आकडे बघायला शिका. मग ओढ्यावर छोटं टर्बाइन बसवायचं असो नाहीतर पेपरातल्या हजार मेगावॉटच्या प्रकल्पावर वाद घालायचा असो, दोन्हीकडे तोच हिशोब चालतो.

एकच सूत्र आणि ३६७ हा आकडा

पाण्यातून किती वीज निघणार हे दोन गोष्टींवर ठरतं. पाणी किती उंचीवरून खाली येतंय (याला सगळे हेडच म्हणतात) आणि सेकंदाला किती पाणी येतंय (फ्लो). सेकंदाचे लिटर गुणिले मीटर गुणिले ९.८१, आले वॉट. बस, एवढंच. पाणी जोरात वाहतंय, खूप आवाज करतंय, यावर काही ठरत नाही.

दुसरी सोपी ट्रिक, एक घनमीटर म्हणजे हजार लिटर पाणी ३६७ मीटर खाली आलं की बरोबर एक युनिट ऊर्जा निघते, तीसुद्धा काहीच नुकसान झालं नाही असं धरून. म्हणून घनमीटर गुणिले मीटर भागिले ३६७ केलं की युनिट मिळतात. हा ३६७ पाठ करून ठेवा, पुढे सारखा लागणार आहे.

आता हे वापरून एक भूत आधी उतरवू. गच्चीवरच्या टाकीच्या पाइपला छोटं टर्बाइन लावून घराची वीज फुकट, असे व्हिडिओ सगळीकडे फिरत असतात. हजार लिटरची टाकी, १० मीटर उंची. १ गुणिले १० भागिले ३६७, म्हणजे ०.०२७ युनिट. अख्खी टाकी रिकामी केली तर ९ वॉटचा एलईडी बल्ब तीन तास चालेल, आणि एवढ्या लहान सेटमध्ये निम्मं तरी वाया जातं, म्हणजे खरं तर दीड तास. आणि ती टाकी भरायला पंपाने याच्यापेक्षा जास्त वीज खाल्लेली असते ते वेगळंच. टर्बाइनच्या विजेवर पंप, पंपाच्या पाण्यावर परत टर्बाइन, हा प्रकार तर कुठेच चालत नाही, कितीही लाइक असू देत.

ओढा मोजायचा कसा

समजा डोंगरउतारावर एक ओढा आहे आणि त्यावर काही होईल का हे बघायचंय. पहिला नियम, मोजमाप कोरड्या दिवसांत करायचं. पावसाळ्यात कुठलाही ओढा भारीच वाटतो, पण मशीन वर्षभर चालवायचं असेल तर सगळ्यात वाईट महिन्यात किती पाणी आहे तेच बघायला लागतं. जमलं तर वर्षभर दर पंधरा दिवसांनी मोजून वहीत लिहून ठेवा. कंटाळवाणं काम आहे पण पुढचा सगळा खर्च याच वहीवर उभा राहतो.

पाणी कमी असेल तर बादलीने मोजता येतं. सगळं पाणी एका पाइपात वळवायचं, २० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागले ते बघायचं. ४ सेकंदात भरली तर ५ लिटर प्रति सेकंद. पाणी जास्त असेल तर ओढ्याचा सरळ, बऱ्यापैकी सारख्या रुंदीचा १० मीटरचा तुकडा शोधा, दोन्ही टोकांना दोरी बांधा आणि अर्धवट बुडेल असं काहीतरी सोडा, अर्धी भरलेली प्लास्टिकची बाटली चालते. टाइम घ्या, तीन-चारदा घ्या. मग रुंदी मोजा आणि चार-पाच ठिकाणी खोली मोजून सरासरी काढा. उदाहरण घेऊ, रुंदी १.२ मीटर, सरासरी खोली १५ सेंटिमीटर, म्हणजे पाण्याचा छेद ०.१८ चौरस मीटर. बाटलीला १० मीटर जायला २५ सेकंद लागले म्हणजे वेग ०.४. पण बाटली वरच्या थरातली आहे, तळाशी दगडांमुळे पाणी सावकाश जातं, म्हणून वेगाला साधारण ०.७५ ने गुणायचं, तळ फार खडकाळ असेल तर ०.६ च धरा. ०.१८ गुणिले ०.३ म्हणजे ०.०५४ घनमीटर, म्हणजे सेकंदाला ५४ लिटर.

हे सगळं पाणी आपल्याला घ्यायचं नाहीये हां. ओढ्यात मासे, खेकडे, खालचे लोक, जनावरं, सगळ्यांचा त्यावर हक्क आहे, आणि बहुतेक देशांत पाणी वळवायला परवानगी लागते आणि ओढ्यात किती सोडायचं हेही त्यातच ठरतं. आपण २० लिटर घेऊ.

आता हेड. मोबाइलमधल्या जीपीएसची उंची यासाठी अजिबात धरू नका, सहज दहा-वीस मीटर इकडेतिकडे दाखवतो. गवंडी लेव्हल काढायला पारदर्शक नळी वापरतात ना, पाणी भरलेली, तीच घ्या आणि उतारावर टप्प्याटप्प्याने खाली येत प्रत्येक टप्प्याची उंची लिहीत जा. दुसरा मार्ग, वरून खालपर्यंत पाण्याने भरलेला होसपाइप टाका आणि खालच्या टोकाला प्रेशर गेज लावा, १ बार दाखवलं तर साधारण १०.२ मीटर हेड. पाइपात हवेचा बुडबुडा राहिला तर रीडिंग चुकतं, तेवढं बघा.

समजा हेड १८ मीटर मिळालं. ९.८१ गुणिले २० गुणिले १८ म्हणजे ३५०० वॉटच्या थोडं वर. छोट्या सेटमध्ये पाइप, टर्बाइन, जनरेटर, वायर असं सगळं धरून साधारण निम्मं हाती लागतं, म्हणजे पावणेदोन किलोवॉट. ऐकायला काहीच नाही वाटत, पण हे चोवीस तास आहे, रात्रीही, ढग असले तरीही. दिवसाचे ४२ युनिट झाले! सोलरमधून रोज तेवढे युनिट काढायला चांगल्या उन्हाच्या जागी दहा किलोवॉटच्या आसपास पॅनल लागतील आणि रात्रीसाठी बॅटरी वेगळी.

पाणी टर्बाइनपर्यंत न्यायचं

लोक सगळं लक्ष टर्बाइनकडे देतात आणि प्रकल्प बंद पडतो तो पालापाचोळ्याने. खरं सांगतो, छोट्या जलविद्युतमध्ये निम्मी देखभाल म्हणजे जाळी साफ करणं. ओढ्यात छोटा बंधारा, त्याच्या बाजूने पाणी आत घ्यायचं, तोंडाला तिरकी जाळी, म्हणजे पानं अडकून न बसता सरकतात. मग गाळ बसायची टाकी, जिथे पाणी रुंद होऊन सावकाश होतं आणि वाळू तळाला बसते, तळाला झडप ठेवायची म्हणजे गाळ अधूनमधून सोडून देता येतो. ही टाकी वाचवायला जाऊ नका. वाळू तशीच पुढे गेली तर टर्बाइनच्या पात्यांना सँडपेपर मारल्यासारखं होतं, कडा बोथट होतात, वीज हळूहळू कमी होते आणि कारण कुणाला कळत नाही.

तिथून पाटाने किंवा कमी उताराच्या पाइपाने पाणी टर्बाइनच्या बरोबर वरच्या एका छोट्या टाकीत आणायचं, तिला फोरबे म्हणतात, आणि तिथून खाली मशीनपर्यंत जो प्रेशरचा पाइप जातो तो पेनस्टॉक. पेनस्टॉकचं तोंड पाण्यात बऱ्यापैकी खोल बुडालेलं पाहिजे, नाहीतर वर भोवरा तयार होतो आणि पाइप हवा ओढतो, खाली मशीन खोकल्यासारखं धडधडायला लागतं. वरच्या झडपेच्या लगेच पुढे एक उभा बारीक पाइप हवेसाठी सोडायचा. वरून झडप अचानक बंद झाली आणि खालून पाणी निघून गेलं तर आत व्हॅक्यूम होऊन पाइप चेपून जातो, पातळ पाइप तर चपटाच होतो.

पाइपाच्या साइजमध्ये कंजुषी करू नका. तेवढंच पाणी दुप्पट व्यासाच्या पाइपातून नेलं तर घर्षणाचं नुकसान साधारण ३२ पट कमी होतं, दोन पट नाही, चार पट पण नाही, ३२. म्हणजे उलट बघितलं तर स्वस्तातला बारीक पाइप अख्खं हेड खाऊन टाकू शकतो. हेडच्या दहा टक्क्यांपर्यंत नुकसान बरेच जण चालवून घेतात, त्याच्या वर गेलं तर मोठा पाइप घ्या.

आणि खालची झडप नेहमी हळूहळू बंद करायची. लांब पाइपात टनावारी पाणी पळत असतं, ते एकदम अडवलं तर प्रेशरचा दणका बसतो, वॉटर हॅमर म्हणतात त्याला, जॉइंट निखळतात, पाइप फाटतो. मोठ्या प्रकल्पात याचसाठी बोगद्याच्या शेवटी सर्ज शाफ्ट नावाची उभी विहीर असते, दणका बसला की पाणी त्यात वर चढतं आणि जोर जिरतो.

कुठलं टर्बाइन

हे हेडवर ठरतं, आवडीवर नाही. हेड जास्त, पाणी कमी असेल तर पेल्टन. यात नोझलमधून पाण्याची धार सुटते आणि चाकाच्या वाट्यांवर आदळते. प्रत्येक वाटी मधोमध धार असलेली, दोन चमचे शेजारी जोडल्यासारखी, त्यामुळे धार दुभंगते आणि जवळपास आली तशी मागे वळते. १०० मीटर हेडला धारेचा वेग ताशी जवळपास १६० किलोमीटर असतो, आणि वाटी त्याच्या निम्म्या वेगाने पळत असेल तर पाणी वाटीतून बाहेर पडताना अगदी मरगळलेलं असतं, खाली टपकतं फक्त. चांगलं पेल्टन ओळखायची खूण हीच, बाहेर पडणाऱ्या पाण्यात जोर उरता कामा नये, कारण जेवढा जोर उरला तेवढी वीज गेली. लेस्टर पेल्टन हा कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींच्या भागातला कारागीर होता, पेटंट १८८० चं, आणि मूळ कल्पना अजून तीच चाललीये.

मध्यम हेडला फ्रान्सिस, जगातल्या बहुतेक मोठ्या धरणांत हेच असतं. चाक पूर्ण पाण्यात बुडालेलं, बाहेरून आत पाणी येतं आणि मधून खाली जातं. हेड एकदम कमी पण पाणी प्रचंड असेल तर कॅप्लान, जहाजाच्या पंख्यासारखं, पाती फिरवून अँगल बदलता येतो. छोट्या ओढ्यासाठी क्रॉसफ्लो बघा, साध्या वर्कशॉपमध्येही बनतं आणि थोडा कचरा चालवून घेतं. साधा सेंट्रिफ्युगल पंप उलटा चालवूनही टर्बाइन होतं, स्वस्त पडतं, फक्त पाणी कमीजास्त झालं की लगेच एफिशियन्सी पडते. वर घेतलेल्या १८ मीटर, २० लिटरला क्रॉसफ्लो किंवा उलटा पंप, दोन्ही जमतील.

लोडचं काय

हा भाग व्हिडिओत कधीच दाखवत नाहीत. चार पोलचा जनरेटर मिनिटाला १५०० फेऱ्यांवर फिरला की ५० हर्ट्झ मिळतात, म्हणजे घरच्या उपकरणांना लागते तीच फ्रिक्वेन्सी. आता घरातली मोठी उपकरणं बंद झाली, लोड गेला, पण पाणी तेवढंच येतंय, मग चाक वेग घेतं, व्होल्टेज चढतं, बल्ब उडतात. लोड पूर्ण गेला तर बहुतेक टर्बाइन नेहमीच्या दीडपट ते दुप्पट वेगाने पळतात, कॅप्लान त्याच्याही पुढे जातं. मोठ्या केंद्रात गव्हर्नर असतो, तो लगेच पाणी कमी करतो. छोट्यात उलटी युक्ती करतात, पाणी तसंच ठेवतात आणि उरलेली वीज एका कंट्रोलरने पाणी तापवायच्या हीटरमध्ये ढकलतात, म्हणजे मशीनवर लोड कायम सारखाच राहतो. हा कंट्रोलर नसेल तर मशीन चालू करूच नका. अर्थिंग आणि वायरिंग लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून, यात चर्चा नाही. टर्बाइन घरापासून लांब असेल तर वायरमधलं नुकसान आधी मोजून घ्या, नाहीतर पाइपात वाचवलेलं वायरीत जाईल.

आता मोठ्याकडे

मोठ्या धरणात यापेक्षा वेगळं काही होत नाही. चीनच्या थ्री गॉर्जेसमध्ये ७०० मेगावॉटचं एकेक मशीन आहे, अशी ३२, आणि पूर्ण ताकदीवर त्यातल्या एकातून सेकंदाला साधारण ९५० घनमीटर पाणी जातं. सूत्र तेच. मोठ्या मशीनची एफिशियन्सी मात्र ९० टक्क्यांच्या वर असते, कोळशाच्या केंद्राला उष्णतेतून चाळीस टक्के काढताना नाकी नऊ येतात, त्या मानाने हे फारच भारी.

धरणाची उंची म्हणजे हेड असं समजू नका. कोयनेचं धरण १०३ मीटर उंच आहे, पण पाणी बोगद्याने सह्याद्रीच्या पश्चिम कड्याखाली उतरवल्यामुळे पहिल्या टप्प्याला हेड पावणेपाचशे मीटरच्या आसपास मिळतं. एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. आपला ३६७ लावा आणि ९० टक्के धरा, १०० मीटर हेडला एका टीएमसीतून साधारण ७० लाख युनिट, पावणेपाचशे मीटरला तब्बल ३.३ कोटी. पाणी तेच, उंचीने एवढा फरक. (बातम्यांत विसर्ग क्युसेकमध्ये देतात, त्याला ३५ ने भागलं की घनमीटर प्रति सेकंद मिळतात.)

प्रकार तीन. साठ्याचं धरण, म्हणजे पावसाळ्याचं पाणी उन्हाळ्यात वापरता येतं. रन ऑफ द रिव्हर, म्हणजे साठा जवळपास नाही, नदी देईल तेवढी वीज. आणि पंप्ड स्टोरेज, वर एक तलाव, खाली एक तलाव, वीज जास्त झाली की पाणी वर चढवायचं, कमी पडली की खाली सोडायचं. तिसऱ्यात वीज तयार होतच नाही, उलट शंभर युनिट घालून सत्तर-ऐंशी परत मिळतात. तरीही लोक हजारो मेगावॉटचे असले प्रकल्प बांधतात, का ते पुढे येतंच.

फायदे, पण खरा फायदा कुठला

इंधन लागत नाही, धूर नाही, कर्ज फिटलं की वीज अगदी स्वस्त, आणि आयुष्य प्रचंड. अमेरिकेतल्या हूवर धरणाची वीज १९३६ पासून चालू आहे. अमेरिकेतच ॲपलटनला १८८२ मध्ये पाण्यावरचं वीजकेंद्र चालू झालं, आपल्याकडे दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगला १८९७ मध्ये, म्हणजे हे तंत्र विजेच्या धंद्याइतकंच जुनं आहे. नॉर्वेची तर बहुतेक सगळी वीज पाण्याची.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा स्वस्ताई नाहीच, तो आहे वेळ. ग्रिडमध्ये, म्हणजे सगळी केंद्रं आणि घरं जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यात, त्या क्षणाला जेवढी मागणी तेवढीच वीज तयार व्हावी लागते. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागतात आणि त्याच वेळी सूर्य मावळून सोलर बंद होतं. कोळशाचं थंड पडलेलं केंद्र परत चालू करायला तासन्‌तास जातात. पाण्याचं मशीन काही मिनिटांत पूर्ण लोड घेतं, आणि वेल्समधल्या दिनॉरविगसारखं पंप्ड स्टोरेज, मशीन आधीच फिरतं ठेवलेलं असेल तर, शून्यापासून हजार मेगावॉटच्या वर वीस सेकंदांच्या आत जातं. सोलर आणि पवनचक्क्या जितक्या वाढतील तितकी याची गरज वाढणार. सगळी ग्रिड बसली, पूर्ण अंधार झाला, तरी पाण्याचं केंद्र थोड्याशा बॅटरी आणि डिझेलवर स्वतःचं स्वतः उठतं आणि मग बाकीच्या केंद्रांना उठवतं, याला ब्लॅक स्टार्ट म्हणतात.

सिंचन, पिण्याचं पाणी, पूर अडवणं हेही फायद्यांत मोजतात. मोजा, पण एक लक्षात घ्या, पूर अडवायला धरण रिकामं पाहिजे आणि विजेला भरलेलं पाहिजे. पावसाळा संपत आला की धरण काठोकाठ भरून ठेवायचा मोह होतो आणि नेमका तेव्हा मोठा पाऊस आला तर एकदम दरवाजे उघडण्याशिवाय मार्ग राहत नाही. पत्रकात सगळे फायदे एकाच ओळीत लिहिलेले असतात, प्रत्यक्षात ते एकमेकांचे पाय ओढतात.

प्रकल्पाची बातमी आली की काय बघायचं

पहिलं म्हणजे मेगावॉट बघून हुरळून जाऊ नका, वर्षाचे युनिट विचारा. थ्री गॉर्जेस २२,५०० मेगावॉटचं, ब्राझील-पॅराग्वे सीमेवरचं इताइपू १४,००० चं. पण इताइपूने २०१६ मध्ये १०३ अब्ज युनिट काढले आणि थ्री गॉर्जेसने २०२० च्या विक्रमी वर्षात ११२ अब्जच्या आसपास, म्हणजे मशीन दीडपटीहून जास्त आणि वीज जेमतेम नऊ टक्के जास्त. कारण नदीत वर्षभर पाणी किती सारखं आहे यावर सगळं. आणि तेच इताइपू २०२१ च्या दुष्काळात ६६ अब्ज युनिटवर आलं. मशीन तीच, माणसं तीच, पाऊस नाही. ज्या देशाची बहुतेक वीज पाण्याची, तिथे दुष्काळ म्हणजे लोडशेडिंग.

मग किती जमीन बुडते ते. मेगावॉटला चौरस किलोमीटरने भागा. इताइपूचा जलाशय १,३५० चौरस किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला दहा मेगावॉट. ब्राझीलमध्येच अमेझॉनच्या जंगलात बाल्बिना नावाचं धरण आहे, २५० मेगावॉटसाठी २,३०० चौरस किलोमीटरच्या वर जंगल बुडवलं, किलोमीटरला ०.१ मेगावॉट. शंभर पट फरक. सपाट प्रदेशात धरण बांधलं की असंच होतं, पाणी पसरतं, हेड मिळत नाही. शिवाय बुडालेली झाडं पाण्याखाली कुजून मिथेन निघतो, उष्ण प्रदेशात जास्तच. त्यामुळे पाण्याची वीज म्हणजे स्वच्छच असं डोळे झाकून म्हणता येत नाही, बाल्बिनाची तुलना थेट कोळशाच्या केंद्राशी होते.

माणसं किती उठणार आणि त्यांना वीज मिळणार की दुसऱ्याच कुणाला, हे विचारा. थ्री गॉर्जेससाठी १३ लाखांवर लोक हलवले. वीज शहरात आणि पाण्याखाली गेलेली शेतं डोंगरात, हे जवळजवळ सगळीकडचं गणित आहे, आणि याचं उत्तर इंजिनिअरिंगमध्ये नाहीये.

गाळाबद्दल तर कुणी बोलतच नाही. नदी पाण्याबरोबर माती आणते, धरणात पाणी थांबलं की माती तिथेच बसते. चीनमध्ये पिवळ्या नदीवर सानमेनशिया धरणात १९६० मध्ये पाणी साठवायला सुरुवात केली आणि दोन-चार वर्षांतच गाळाने एवढं भरायला लागलं की तळाला नवीन बोगदे पाडून धरणाची रचना बदलायला लागली. गाळ वर अडकतो आणि खाली त्रिभुजप्रदेशाला माती मिळत नाही, समुद्र किनारा खातो, नाईलच्या मुखाशी आस्वानच्या धरणानंतर हेच झालं. प्रकल्पाच्या अहवालात गाळ सोडायची सोय काय आहे आणि आयुष्य किती धरलंय हे शोधा.

रन ऑफ द रिव्हर लिहिलं असेल तर नदीला काही होत नाही असं समजायचं कारण नाही. पुष्कळदा वर बंधारा घालून नदी कित्येक किलोमीटर बोगद्यातून नेतात आणि मधली नदी उन्हाळ्यात जवळपास कोरडी पडते. त्या तुकड्यात किती पाणी सोडणार हा आकडा मागा. माशांच्या वाटा तर तुटतातच, जिने बांधून थोडेफार चढतात. अमेरिकेत क्लामथ नदीवरची चार जुनी धरणं २०२३-२४ मध्ये काढूनच टाकली, साल्मन माशांसाठी आणि नदीकाठच्या मूळ रहिवाशांच्या लढ्यामुळे.

वरच्या बाजूला काय आहे तेही बघायला लागतं. इटलीत वायोंतला १९६३ मध्ये डोंगराचा कडा जलाशयात कोसळला, लाट धरणावरून उसळून खाली गेली आणि जवळपास दोन हजार लोक गेले. धरण मात्र तसंच उभं राहिलं, म्हणजे भिंत मजबूत आहे एवढ्यावर भागत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममध्ये साऊथ ल्होनाक हिमनदीचा तलाव फुटला आणि तिस्ता-३ चं १,२०० मेगावॉटचं धरण वाहून गेलं. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप तर जगभर जलाशयामुळे झालेल्या भूकंपाचं ठळक उदाहरण म्हणून शिकवतात. भिंतच फुटण्याचं सगळ्यात भयानक उदाहरण चीनमधलं बानचियाओ, ऑगस्ट १९७५, मृतांचे आकडे २६ हजारांपासून दीड लाखाच्या वरपर्यंत सांगितले जातात.

आणि वेळेचा जो फायदा वर सांगितला त्याचीच दुसरी बाजू नदीकाठाला भोगायला लागते. मशीन वीस सेकंदांत उठतं म्हणजे खालच्या नदीत पाणीही तसंच एकदम येतं, आणि वरच्या धरणातून दरवाजे उघडून सोडलं तर आणखीच. जून २०१४ मध्ये हिमाचलात बियास नदीत लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात फोटो काढायला उतरलेले २४ इंजिनिअरिंगचे विद्यार्थी वाहून गेले. वर आभाळ निरभ्र, पाऊस नाही, नदी घोट्याएवढी, तरी पाणी येऊ शकतं. धरणाच्या किंवा वीजघराच्या खाली नदीपात्रात उतरू नका. उतरलाच असाल तर मधल्या खडकावर बसू नका, दगडांवर पाण्याची ओली रेघ वर सरकताना दिसली, पाणी अचानक गढूळ झालं किंवा आवाज वाढला की सामान तिथेच टाकून काठाकडे पळा, आणि सायरन ऐकू आला तर तो टेस्टिंगचा असेल असं म्हणत थांबू नका.